एमजीबीचं इंजिन उघडण्याआधी: झीज ओळखायची कशी आणि काम काढायचं कसं

सेकंडहँड एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतलेल्या माणसाचा साधारण तिसऱ्या महिन्यात फोन येतो. गाडी धूर मारते, ऑइल खाते, चढावर दम टाकते, आणि कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की इंजिन गेलं, आता काम काढावं लागणार. बर्मिंगहॅमजवळ राहून मी माझी 1970 सालची एमजीबी जीटी बरीच वर्षं स्वतः सांभाळतोय. इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींच्या दोन-तीन गाड्यांनाही हात लावलाय. त्यातल्या एका गाडीला ‘इंजिन गेलं’ असा निकाल मिळालेला होता. प्रत्यक्षात एकच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) नीट बसत नव्हता. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम एका शनिवार-रविवारात झालं, ब्लॉकला, म्हणजे खालच्या सिलिंडर असलेल्या भागाला, हातही लावावा लागला नाही. म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की आधी सगळं मोजून घ्या. स्पॅनर-पाने नंतर काढा.

हे इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रींना परकं नाही. एमजीबीत बसतं ते 1798 सीसीचं बी-सीरीज इंजिन, आणि ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. मिरजेला काकांच्या ॲम्बेसेडरचं हेड उतरवताना मी लहानपणी शेजारी उकिडवा बसून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लागणारे लांब दांडे) पुसून दिले होते. पुढे एमजीबीचं व्हॉल्व्ह कव्हर पहिल्यांदा काढलं तेव्हा आतलं सगळं ओळखीचं वाटलं. म्हणून पुण्या-मुंबईत कुणाकडे एमजीबी असेल, तर ॲम्बेसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री शोधा. पार्ट बहुतेक वेगळे असतात, पण इंजिनाचा स्वभाव तोच.

आधी इंजिन कोणतं ते बघा

एमजीबी 1962 मध्ये आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1980 पर्यंत बनत राहिली. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, आधार देणारी तीन मेन बेअरिंग होती, 1964 च्या शेवटाला पाच झाली. ब्लॉकवरच्या पट्टीवर नंबर 18जी किंवा 18जीए असा सुरू होत असेल तर तीन बेअरिंगचं, 18जीबी आणि त्यापुढचं असेल तर पाचचं. गाडीच्या कागदांवरच्या वर्षावर विसंबू नका, कारण पन्नास-साठ वर्षांत कित्येक गाड्यांची इंजिनं बदलली गेली आहेत. पट्टी वाचूनच बेअरिंग मागवा.

पान्यांचंही तसंच. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर 13 चा पाना वरवर बसतो, पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेवढ्या फटीने जुना, गंजलेला नट गोल होतो. इंची पान्यांचा एक सेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळणारा), फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) एवढं घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

पुढे सगळी मापं मी थाऊत देतोय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 0.025 मिलिमीटर. इथले मशिनवाले याच भाषेत बोलतात, आपल्याकडचे जुने लेथवालेही.

गाडी काय सांगते ते ऐका

एक वही करा. टाकी भरताना दर वेळी डिपस्टिक बघून किती मैलांत किती ऑइल लागलं ते लिहा. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं.

धूर बघायला मागे दुसऱ्याला गाडी घेऊन यायला सांगा, आरशातून नीट कळत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सलग येत असेल तर रिंग (पिस्टनवरच्या कड्या) आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) संशय. लांब उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर निळा झोत आला, तर ऑइल व्हॉल्व्ह गाईडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून) उतरतंय. काळा धूर हा कार्ब्युरेटरचा प्रश्न, झिजेचा नाही. गरम इंजिनातून पांढरा धूर सतत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर.

आवाज ओळखायला कान तयार व्हायला वेळ लागतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवा आणि टोक इंजिनावर जागोजागी ठेवा. पंख्यापासून हात आणि बाह्या लांब ठेवा. वरून येणारा हलका, टिकटिक आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा. थंड इंजिनात टकटक येते आणि गरम झाल्यावर जाते, ती पिस्टनची, तिच्यावर आणखी काही हजार मैल निघतात. हलक्या लोडवर, विशेषतः पाय सोडताना येणारी स्पष्ट ठकठक बिग एंडची, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला धरतो तिथल्या बेअरिंगची. खात्रीसाठी एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढून अर्थ करून बघा. ज्या सिलिंडरवर आवाज दबतो तिथलं बिग एंड ढिलं आहे. लोडखाली खोलवरून येणारी घरघर मेन बेअरिंगची. शेवटच्या दोन आवाजांसोबत गाडी चालवू नका. बेअरिंग शेल (आतले बदलता येणारे पातळ अर्धगोल पत्रे) स्वस्त आहेत, क्रँक नाही.

ऑइल प्रेशर

इंजिन नीट गरम करा, म्हणजे किमान 10 मैल चालवा. मॅन्युअलप्रमाणे चालत्या गाडीत 50 ते 80 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि आयडलिंगला 10 ते 25 पीएसआय हवं. कमी दिसलं तर लगेच बेअरिंगवर खापर फोडू नका. पहिला संशय गेजवर घ्या, चांगलं माहीत असलेलं दुसरं गेज लावून बघा. मग ऑइल: या इंजिनाला 20डब्ल्यू-50 मिनरल लागतं, नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक नाही. मग ब्लॉकच्या बाजूला मागच्या टोकाकडे घुमटी नटाखाली असलेला रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचा जादा दाब सोडणारा) काढा. त्याची स्प्रिंग मोकळी असताना 3 इंच भरली पाहिजे, आणि आतला प्लंजर बसतो त्या जागेवर ओरखडे किंवा कचरा नको. हे तिन्ही ठीक असून गरम इंजिनाचं प्रेशर पडत असेल, तर पंप किंवा बेअरिंग.

त्याच वेळी ऑइल फिल्टर बदला आणि जुना कापून आतला कागद उलगडून उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा टॅपेट, कॅम (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) किंवा रिंगकडून येतो. चुंबकाला दाद न देणारी सोनेरी-तांबूस चमक बेअरिंगची.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

या दोन गोष्टींवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण खर्च नगण्य आणि माहिती सर्वात जास्त.

आधी टॅपेट, तेही थंड इंजिनात. गॅप 15 थाऊ. पुढून मागे व्हॉल्व्हना 1 ते 8 नंबर द्या आणि नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप मोजा, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचा, असं पुढे. सेट करण्याआधी आहे तो गॅप वहीत लिहा, कारण निदान त्यात असतं. एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर काही हजार मैलांनी घट्ट होत असेल, तर त्याची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) हेडमध्ये खचत चालली आहे. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली, आणि ते शिसं सीटला झिजेपासून वाचवायचं. ब्रिटनमध्ये आणि भारतातही तसं पेट्रोल 2000 च्या सुमारास पंपांवरून गेलं. कडक सीट इन्सर्ट न बसवलेल्या हेडवर लांब, वेगाचा प्रवास केला की सीट खचते.

इथे एक फसगत होते ती सांगतो. रॉकरचं, म्हणजे पुशरॉडचा रेटा व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचं, टोक व्हॉल्व्हवर टेकतं तिथे वर्षानुवर्षं घासून खळगा पडतो. फीलर गेजचं सपाट पातं त्या खळग्याच्या काठांवर पुलासारखं बसतं. तुम्ही 15 सेट करता, प्रत्यक्षात 20 असतो आणि टॅपेट वाजतच राहतात. तेव्हा रॉकर शाफ्ट सुटा करा, पुसा आणि नख शाफ्टच्या खालच्या बाजूने लांबीच्या दिशेने फिरवा. वरून शाफ्ट आरशासारखा दिसतो, पण पुशरॉड आणि स्प्रिंग दोघंही रॉकरला खालून वर रेटतात, म्हणून झीज नेमकी खाली असते. नख पायरीला अडकलं तर शाफ्ट आणि रॉकरचे बुश बदला.

शाफ्ट काढण्याआधी मात्र हे वाचा. त्याच्या चार खांबांचे मोठे नट हेडही धरून ठेवतात. तेवढेच चार ढिले केले तर हेडवर ताण एका बाजूने येतो आणि हेड वाकू शकतं. आधी पाणी काढा, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने सगळेच हेड नट थोडे थोडे सैल करा. हे न समजल्याने चांगलं गॅस्केट फुटलेलं मी पाहिलंय.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा धरलेला. थ्रॉटल बंद राहिला तर आकडे उगाच कमी येतात. गेजची सुई वाढायची थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. 8.8 कॉम्प्रेशन रेशोच्या चांगल्या इंजिनात 160 पीएसआयच्या आसपास मिळतं, पण मला त्याहून चौघांचा सारखेपणा महत्त्वाचा वाटतो. चारही 135 असलेलं इंजिन म्हातारं पण निरोगी. सर्वात वरच्या आणि खालच्या आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर शोध घ्यायचा.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीचे आकडे वहीत आहेत: 150, 148, 95, 152. ऑइल टाकल्यावर तिसऱ्याचे 95 चे 98 झाले. रिंग झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हकडून. दुसरा आणि तिसरा असे शेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट बघा. या हेडमध्ये दोघांचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून जातो, तो भाग सर्वात तापतो आणि हेडला चीर गेली तर तिथेच जायची शक्यता जास्त.

कॉम्प्रेसर हाताशी असेल तर पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान द्या. गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवा, नाहीतर क्रँक फिरतो. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर.

हेडचं काम

आता तुम्हाला कळलंय काय उघडायचं. हेड उतरवताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर टाका आणि पुशरॉड त्याच क्रमाने खोचून ठेवा. व्हॉल्व्ह स्प्रिंगमधून सुटे केल्यावर थोडा वर उचलून आडवा हलवा. हाताला स्पष्ट खडखड जाणवली तर गाईड बदला. हेड मशिन शॉपला द्याल तेव्हा आधी चीर तपासायला सांगा, मगच फेसिंग (तळ सपाट करणं) आणि एक्झॉस्टला कडक सीट. क्रम उलटा झाला तर फुकट गेलेल्या हेडवरच खर्च होतो.

हेड उतरवलेलं असतानाच बोअर बघा. सर्वात वर, रिंग जिथपर्यंत पोचत नाही तिथे, कडा उरलेली असते. ती बोटाला लागते. बोअर गेजने त्या कडेच्या जरा खाली मोजा, मग तळाशी मोजा, दोन्ही ठिकाणी इंजिनाच्या लांबीत आणि आडवं. माझा हिशोब असा: 5 थाऊच्या आत झीज असेल तर होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) करून नव्या रिंग चालतात. 8 च्या पुढे गेली तर रीबोअर, म्हणजे बोअर कापून मोठा करणं. मधल्या आकड्यांवर गाडी किती चालवणार त्यानुसार ठरवा. जुन्या बोअरमध्ये नव्या रिंग टाकणार असाल तर वरची कडा काढून टाका, नाहीतर नवी धारदार रिंग तिला आपटून तुटते.

खालचं काम

एमजीबीत इंजिन माउंटिंग सोडून इंजिन थोडं उचलल्याशिवाय संप (खालची ऑइलची टाकी) निघत नाही. फक्त बिग एंडचे शेल बघायचे असतील तर तेवढं पुरे. मेन बेअरिंग, क्रँक किंवा बोअरचं काम असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढा. कामाला दोघं लागतात, आणि क्रेन भाड्याने मिळते.

बिग एंडची कॅप काढण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर सिलिंडरचा नंबर तपासा. नसेल तर खूण करा. कॅपची अदलाबदल झाली तर सगळं काम वाया. मग शेल उजेडात तिरका धरा. चांगला शेल सगळीकडे एकसारखा मंद राखाडी दिसतो. वरचा मऊ थर गेला की खालून तांबूस डाग दिसायला लागतात, आधी जिथे दाब जास्त असतो तिथे, मग पसरत जातात. तांबूस दिसलं की शेल संपले. बारीक गोल रेघा म्हणजे ऑइलमधून कचरा फिरलाय. शेलच्या पाठीवर एसटीडी, 010 किंवा 020 असं कोरलेलं असतं, ते लिहून घ्या. त्यावरून कळतं क्रँक आधी किती ग्राइंड झालाय.

जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग, मायक्रोमीटरने दोन जागी, दोन्ही वेळा काटकोनात मोजा. गोल आणि गुळगुळीत असेल तर त्याच मापाचे नवे शेल. नखाला रेघ लागली किंवा दीड-दोन थाऊचा अंडाकारपणा आला तर ग्राइंडिंग, आणि पुढच्या मापाचे शेल. ओरखडलेल्या जर्नलवर नवे शेल टाकून गाडी विकलेली मी पाहिली आहे. ती फसवणूक आहे.

कॅमकडे दुर्लक्ष करू नका. आठही लोब (कॅमवरचे उंचवटे) एकमेकांशी ताडून बघा. एकाचं टोक चपटं असेल तर त्याच्या टॅपेटच्या (इथे लोबवर टेकणाऱ्या ठोकळ्याच्या) तळाला खड्डे सापडतीलच. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नका. आणि ऑइल घेताना जस्त पुरेसं असलेलं, जुन्या गाड्यांसाठीचं घ्या, कॅम आणि टॅपेटच्या भेटीत तेच वाचवतं.

रीबोअरसाठी पिस्टन आधी विकत घ्या, बहुतेकदा 20, 30 किंवा 40 थाऊ ओव्हरसाइझ, आणि ब्लॉकसोबत मशिन शॉपला द्या. बोअर हातातल्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो, कॅटलॉगच्या आकड्याने नाही.

सफाई

माझ्या पहिल्या इंजिनाचं काम इथेच बिघडलं. मशिन शॉपने ब्लॉक धुऊन, चकचकीत करून दिला होता आणि मी विश्वास ठेवला. 300 मैलांवर गरम प्रेशर 50 वरून 30 ला आलं. इंजिन पुन्हा बाहेर. नव्या शेलमध्ये होनिंगची बारीक कणी रुतून बसली होती. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) पितळी प्लग कुणी काढलेच नव्हते आणि घाण त्यांच्यामागे साचली होती. सगळं काम दुसऱ्यांदा, स्वतःच्या खर्चाने.

म्हणून गॅलरीचे प्लग काढलेत का हे स्वतः बघा. बोअर रॉकेलने पुसून भागत नाही, कारण रॉकेल तेल नेतं आणि कणी ठेवतं. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, गॅलरीत लांब बाटली-ब्रश आरपार फिरवा. मग लगेच कोरडं करून ऑइलचा हात द्या, नाहीतर तासाभरात गंज धरतो. पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवा. करडी छटा आली तर पुन्हा धुवा. मी आता चार-पाच वेळा धुतो.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून तोंडाचा गॅप मोजा. वरच्या रिंगला 12 थाऊपेक्षा कमी नको. गरम झाल्यावर टोकं भिडली तर रिंग तुटते. मेन कॅपला 70 पाउंड-फूट. बिग एंडचा टॉर्क बोल्ट-नटच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, तो तुमच्या इंजिन नंबरच्या मॅन्युअलमधूनच घ्या. क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजने 4-5 थाऊ यायला हवी. ती मधल्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर ठरते, आणि त्यांच्या ऑइलच्या खाचा क्रँककडे तोंड करून बसवायच्या. हेड नट 45 ते 50 पाउंड-फूट, क्रमाने, तीन टप्प्यांत.

स्टार्ट करण्याआधी ऑइल पाइपमधून पंपापर्यंत ऑइल भरा, प्लग काढून ठेवा आणि गेजची सुई उठेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. सुई उठली नाही तर थांबा आणि कारण शोधा. नवा कॅम असेल तर चालू झाल्याबरोबर 20 मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलिंगला सोडू नका. त्या गतीलाच टॅपेटला पुरेसं ऑइल मिळतं. पाण्याचं तापमान आणि ऑइल प्रेशर यावरून नजर हटवू नका. शेजारी एक माणूस गळती बघायला उभा करा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेड नट पुन्हा टॉर्क करा, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करा, कारण हेड खाली बसलं की गॅप बदलतो. पहिले 500 मैल कधी जोर, कधी हलकं असं चालवा. टॉप गिअरमध्ये कमी वेगाला रेटू नका आणि मोटरवेवर तासभर एका गतीने नेऊ नका. रिंग बोअरला बसायला दाबाचा चढउतार लागतो. 500 ला ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून बघा, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेऊन वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा.